पडता पडता उभं राहणारं यंत्र

(राजुरा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक छापलं गेलं आहे : ‘स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या चालत्या यंत्रमानवाची नियंत्रण व्यवस्था’. नाव बाजूला ठेवू, यंत्र डोळ्यांपुढे आणू. एका आसावर शेजारी शेजारी बसवलेली दोन चाकं. त्यांच्यावर वीतभर किंवा हातभर उंचीचा सांगाडा. सांगाड्यात बॅटरी आणि थोडं इलेक्ट्रॉनिक सामान. बस्स, एवढंच. बैलगाडीचे बैल सोडले की गाडी पुढे झुकते आणि जू जमिनीला टेकतं. हे यंत्र मात्र बैलाविना, टेकूविना उभं राहतं. बोटाने ढकललं तर डुलतं, थोडं पुढे-मागे सरकतं आणि पुन्हा सरळ होतं.

मागच्या रांगेत कुणीतरी आत्ता मनात म्हणत असेल, एवढा खटाटोप कशासाठी? आणखी दोन चाकं लावा, प्रश्न मिटला! शंका अगदी रास्त आहे. तिला दोन उत्तरं आहेत : एक सोयीचं आणि एक खरं.

सोयीचं उत्तर असं. उंच वस्तू चार चाकांवर ठेवायची तर खालचा पाया रुंद लागतो. दोन चाकांचं यंत्र अंग कलवून तोल सांभाळतं, म्हणून त्याला अरुंद पाया पुरतो. ते जागच्या जागी गर्रकन वळतं, चढावर पुढे झुकतं. अमेरिकेत डीन केमन यांनी याच तत्त्वावर ‘आयबॉट’ नावाची चाकाची खुर्ची केली. ती दोन चाकांवर उभी राहून बसलेल्या माणसाला समोरच्याच्या नजरेच्या पातळीवर आणते. २००३ मध्ये तिला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. त्याआधी, डिसेंबर २००१ मध्ये, केमन यांनी ‘सेगवे’ ही उभ्याने चालवायची दुचाकी जगापुढे आणली होती. तिच्यामुळे शहरं बदलतील, असा तेव्हा गाजावाजा झाला. शहरं काही बदलली नाहीत. जुलै २०२० मध्ये मूळ सेगवेचं उत्पादन बंद झालं. गंमत अशी, की त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी समुद्रकिनारी गस्त घालायला तशाच स्व-संतुलित विजेच्या गाड्या वापरायला घेतल्या. म्हणजे सोयीचं उत्तर फार दूर जात नाही. आपल्या जंगलातल्या पायवाटेवर किंवा सास्तीच्या कोळसा खाणीच्या उतारावर असलं यंत्र नेण्यात शहाणपण नाही. तिथे चार चाकं, नाहीतर रणगाड्याचे पट्टेच बरे.

मग खरं उत्तर काय? चार चाकांचं यंत्र चुका लपवतं. सेन्सर चुकीचं सांगत असला, प्रोग्राम उशिरा निर्णय घेत असला, मोटर अडखळत असली, तरी ते उभंच राहतं. आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. दोन चाकांचं यंत्र असं पांघरूण घालत नाही. चूक झाली की ते पडतं, आणि तेही अर्ध्या सेकंदाच्या आत. म्हणून जगभरातल्या प्रयोगशाळांनी ते जवळ केलं. टोकियोच्या इलेक्ट्रो-कम्युनिकेशन्स विद्यापीठात काझुओ यामाफुजी यांनी १९८० च्या दशकात असं यंत्र उभं केलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संस्थेत ‘जो’ नावाचा ६५ सेंटिमीटर उंचीचा, १२ किलो वजनाचा दुचाकी यंत्रमानव तयार झाला. त्याच्यावरचा २००२ चा शोधनिबंध आजही विद्यार्थी उघडून बसतात. आणि आपल्या महाराष्ट्रात, पवईच्या आयआयटीत, असं यंत्र हा एका स्पर्धेचा विषय झाला. तिच्याकडे पुढे येऊच.

पण राजुऱ्यात या विषयाचं काय काम?

काम आहे. नदी ओलांडली, बल्लारपूर मागे टाकलं की चंद्रपूर, आणि चंद्रपूरच्या पलीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. २९२० मेगावॅटचं केंद्र. तिथे २१० आणि ५०० मेगावॅटचे संच मिनिटाला ३००० फेरे मारत असतात, कारण आपल्या देशातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि हा वेग तिच्याशी बांधलेला आहे. मागणी वाढली की सगळ्या ग्रिडमधल्या जनित्रांना ओझं जाणवतं, वेग किंचित उतरतो. तो उतरलेला वेग ओळखून वाफेची झडप जास्त उघडायची, वेग चढला की ती आवळायची, हे काम गव्हर्नर करतो. झडप फार जोरात उघडली तर वेग वर उसळतो, मग आवळली की खाली कोसळतो, आणि यंत्र हेलकावे खात राहतं. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनांना हा रोग होताच. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये त्यामागचं गणित मांडलं आणि कंट्रोल सिस्टिमचं शास्त्र तिथून रीतसर सुरू झालं. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश विजेची वाहिनी १९९९ पासून चालू आहे. तिच्या दोन्ही टोकांना थायरिस्टर नावाच्या विजेच्या झडपांना नेमक्या क्षणी चालू करणारं नियंत्रण बसलेलं आहे. ही एवढी प्रचंड यंत्रं आणि हातभर उंचीचं ते दुचाकी बाहुलं, दोघांच्या पोटात गणित एकाच जातीचं आहे. फरक इतकाच, की वीज केंद्रातल्या झडपेशी शाळेच्या पोट्ट्यांना कुणी खेळू देत नाही. आणि देऊही नये!

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मूळ गोष्ट आहे वेळ.

आपला जिल्हा बांबूचा. इथल्या बांबूवर बल्लारपूरचा कागद कारखाना मोठा झाला. तर घरी गेल्यावर मीटरभर लांबीची बांबूची काठी तळहातावर उभी धरून बघा. थोड्या सरावाने जमते. मग पेन्सिल उभी धरून बघा. जमणार नाही. सराव करा, उपास करा, नवस बोला, जमणार नाही. वास्तविक पेन्सिल हलकी, छोटी, हाताळायला सोपी. मग असं का?

कारण पेन्सिल लवकर पडते. उभी काठी कलायला लागली की कल वाढतो, आणि जितका कल जास्त तितका तो आणखी भरभर वाढतो. चक्रवाढ व्याजासारखाच हिशेब. एक मीटरच्या काठीचा पडण्याचा कालमापक निघतो सुमारे ०.२६ सेकंद. कलण्याने वेग घेतला की एवढ्या वेळात कल साधारण पावणेतीन पट होतो. पंधरा सेंटिमीटरच्या पेन्सिलीचा कालमापक निघतो ०.१ सेकंद. आणि माणसाने डोळ्यांनी पाहून हात हलवायला किती वेळ लागतो? सुमारे ०.२ सेकंद. काठी आपल्याला जेमतेम वेळ देते, पेन्सिल देत नाही. आपला हात हलेपर्यंत तिचा निकाल लागलेला असतो. या हिशेबात वजन येतच नाही. लांबी येते आणि गुरुत्वाकर्षण येतं. लोखंडाची कांब घ्या की तुरीची काडी घ्या, लांबी तेवढीच असेल तर वेळही तेवढाच.

यातून एक उफराटी वाटणारी गोष्ट निघते. नवखा विद्यार्थी यंत्र बांधताना बॅटरी तळाशी ठेवतो. वजन खाली असलं की स्थिर, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. ट्रकला ते लागू आहे, कारण ट्रकला चार कोपरे आहेत. इथे आसाच्या वर वजन असलं की यंत्र पडणारच. प्रश्न फक्त किती सावकाश पडणार एवढाच. बॅटरी वर नेली की ते सावकाश पडतं, आणि नियंत्रकाला विचार करायला चार क्षण जास्त मिळतात. अर्थात फार उंच नेली तर मोटरीला जोर पुरत नाही. फुकट काहीच मिळत नाही.

आकड्यांनी बघू. यंत्राचं सगळं वजन आसापासून १० सेंटिमीटरवर एकवटलं आहे असं धरू. यंत्र सरळ उभ्यापासून एक अंश कललं, आणि कुणीच काही केलं नाही. ०.१ सेकंदाने कल दीड अंश. ०.३ सेकंदाने दहा अंश. त्यापुढे साध्या मोटरीला ते सावरणं कठीण. म्हणजे मोजणं, विचार करणं, मोटर फिरवणं, आणि फिरवून चूक झाली तर दुरुस्त करणं, सगळा संसार या ०.३ सेकंदात उरकायचा. म्हणून हे यंत्र दर पाच मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदात २०० वेळा, स्वतःला विचारतं : किती कललो? कुठे चाललो? चाकं किती फिरवू? बाहेरून पाहणाऱ्याला ते शांत उभं दिसतं. आत मात्र ते सतत पडत असतं आणि पडता पडता प्रत्येक वेळी चाकं बुडाखाली आणत असतं.

इथेच पहिल्या पिढीतले बहुतेक यंत्रमानव जमिनीला नाक घासतात, आणि कारण बघितलं तर हसू येतं. आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर प्रोग्राम लिहिणाऱ्याला आकडे संगणकाच्या पडद्यावर बघायची हौस असते. तो दर फेरीला एक ओळ छापायला सांगतो. संगणकाशी बोलण्याचा वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवलेला असतो, कारण पुस्तकात तसाच असतो. या वेगाला एक अक्षर पाठवायला एक मिलिसेकंद लागतो. ओळीत वीस अक्षरं असली की वीस मिलिसेकंद गेले. पाच मिलिसेकंदांत फेरी पूर्ण करायची होती, आणि नियंत्रक पत्र लिहीत बसलाय! ती एक ओळ खोडली की यंत्र उभं राहतं. दोष शोधायला जे लिहिलं, तोच दोष.

वेळेनंतर दुसरा मुद्दा : यंत्राला आपण कललो हे कळतं कसं?

आजकाल यासाठी नखाएवढी चिप वापरतात. एमपीयू-६०५० ही त्यातली सगळ्यांत परिचयाची. तिच्या पोटात सिलिकॉनचे सूक्ष्म कंप पावणारे सांगाडे असतात. त्यातला एक भाग अॅक्सेलरोमीटर; तो गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतो, म्हणजे ओळंबा. दुसरा भाग जायरो. तो सांगतो, आपण किती वेगाने वळतोय. दोघेही कामाचे आणि दोघेही आपापल्या परीने लबाड. अॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षण आणि मोटरीचा हिसका यांतला फरक कळत नाही. यंत्र पुढे झेपावलं की तो म्हणतो, आपण मागे कललो. जायरोला हिसक्याचा त्रास नाही, पण तो हळूहळू भरकटतो. सेकंदाला अर्धा अंश एवढी बारीक चूक असली तरी मिनिटाभरात ३० अंशांची होते. यंत्र ताठ उभं, आणि जायरोच्या मते ते केव्हाच कलंडलेलं!

मग विश्वास कुणावर ठेवायचा? दोघांवर, पण वेगवेगळ्या कामापुरता. क्षणाक्षणाच्या हालचालीसाठी जायरोचं ऐकायचं, लांबच्या हिशेबासाठी अॅक्सेलरोमीटरचं. दर फेरीला ९८ टक्के भार पहिल्यावर, २ टक्के दुसऱ्यावर, असं मिश्रण सर्रास वापरतात. त्याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात आणि तो प्रोग्रामच्या एका ओळीत मावतो. याच कामाची भारदस्त रीत रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये दिली. अपोलो यानांनी चंद्राच्या वाटेवर आपला ठावठिकाणा काढायला तिचा उपयोग केला.

बारीक थरथर गाळून टाकायची सोय याच चिपमध्ये आहे. ती नवख्याला फार आवडते, कारण आलेख गुळगुळीत दिसतो. पण गाळणी जितकी बारीक तितका उशीर. ४४ हर्ट्झची गाळणी लावली तर माहिती सुमारे पाच मिलिसेकंद शिळी मिळते. ५ हर्ट्झची लावली तर एकोणीस मिलिसेकंद. स्वच्छ पण शिळी बातमी घ्यायची, की ताजी पण गोंगाटाची? वर्तमानपत्रवाल्यांनी आपापलं उत्तर द्यावं. यंत्राच्या बाबतीत उत्तर पक्कं आहे : ताजी.

तिसरा मुद्दा सगळ्यांत रसाळ, तेव्हा इथे थोडं रेंगाळू. कल कळला, आता चाकं किती फिरवायची?

१९२० च्या सुमाराला निकोलस मिनॉर्स्की नावाचा रशियातून अमेरिकेत आलेला अभियंता आरमारासाठी काम करत होता. जहाज आपोआप सरळ कसं न्यायचं, हा प्रश्न. त्याने सुकाणू धरणाऱ्या मुरब्बी खलाशांकडे नीट पाहिलं. खलाशी फक्त ‘आत्ता किती चुकलो’ एवढंच बघत नाही. चूक किती वेगाने वाढतेय तेही बघतो. आणि बराच वेळ जहाज एकाच बाजूला ओढलं जात असेल तर तेही ध्यानात ठेवतो. आत्ताची चूक, चुकीचा वेग आणि चुकांची साठलेली बेरीज, या तिन्हींचं माप घेणारा नियंत्रक त्याने १९२२ मध्ये गणितात मांडला. आज कारखान्यांत सगळीकडे चालतो तो पीआयडी कंट्रोलर हाच. गडचांदूरच्या सिमेंट भट्टीपासून घरातल्या इंडक्शन शेगडीपर्यंत ही जात पसरली आहे.

आपल्या दुचाकी यंत्राला यांतली दोन मापं तर हवीतच. नुसत्या कलाच्या प्रमाणात चाकं फिरवली तर ते झुल्यासारखं झुलत राहतं, कारण सरळ होईपर्यंत त्याला इतका वेग आलेला असतो की ते पलीकडे जातं. वेगाचं माप ब्रेकचं काम करतं. हे ब्रेकचं माप जास्त झालं की यंत्र थंडी भरल्यासारखं थरथरतं. ज्यांनी असं यंत्र हाताळलंय त्यांना ती थरथर ओळखू येते. हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात.

आणि इथेच खरी अडचण उभी राहते. तिन्ही मापांचे आकडे येणार कुठून? बरेचजण दुसऱ्याच्या प्रोग्राममधून उचलतात. दुसऱ्याचं यंत्र वेगळं, चाक वेगळं, बॅटरी वेगळ्या जागी. उसना चष्मा काही वेळ चालतो, मग डोकं दुखतं. मग सुरू होतं अंदाजे आकडे फिरवणं. शंभर करून बघ, दीडशे करून बघ. कधीतरी यंत्र उभं राहतं, टाळ्या पडतात, व्हिडिओ निघतो. दुसऱ्या दिवशी बॅटरी थोडी उतरली की ते पुन्हा आडवं, आणि का पडलं हे कुणालाच सांगता येत नाही. याला उभं करणं म्हणावं, डिझाइन म्हणू नये.

शिवाय नुसता कल सांभाळून भागत नाही. सेन्सर बसवताना अर्धा अंश तिरका बसला, तर यंत्राच्या मते जे ‘सरळ’ ते खरं म्हणजे किंचित कललेलं. तोल राखण्यासाठी ते त्या बाजूला पळतच सुटतं, आणि प्रामाणिकपणे उभ्या उभ्या भिंतीवर जाऊन आपटतं. म्हणून चार गोष्टींवर नजर ठेवावी लागते : कल, कलाचा वेग, जागा आणि जागा बदलण्याचा वेग. या चौघांना किती किती महत्त्व द्यायचं, आणि मोटरीची शक्ती किती जपून वापरायची, हे आधी ठरवलं तर नियंत्रकाचे आकडे गणितातून काढता येतात. तीही रीत काल्मन यांचीच, १९६० चीच. विद्यार्थी तिला एलक्यूआर म्हणतात.

आता या यंत्राची सगळ्यांत मजेची खोड. ते एका जागी उभं आहे आणि त्याला पुढे जायला सांगितलं. काय करेल? आधी मागे जाईल. दुसरा इलाजच नाही. पुढे जायचं तर अंग पुढे कलायला हवं. अंग पुढे कलायचं तर चाकं मागे सरकायला हवीत. चाकं क्षणभर मागे, अंग पुढे, आणि मग चाकं त्या पडत्या अंगाच्या मागे धावतात. थांबायचं असलं की उलट : आधी अंगाच्या पुढे जाण्यासाठी वेग वाढवायचा, मग थांबायचं. कितीही हुशार अभियंता आणा, कितीही महाग संगणक आणा, ही खोड जात नाही. ती यंत्राच्या घडणीतच आहे. सायकल चालवणाऱ्याला हे नकळत येत असतं. उजवीकडे वळायच्या आधी हँडल एक क्षण डावीकडे जातं. विश्वास बसत नसेल तर उद्या गडचांदूर रोडला सायकल काढून नीट लक्ष ठेवा. मागून ट्रक येत नाही ना, तेवढं बघा.

चौथा मुद्दा थोडक्यात, पण महत्त्वाचा : अंगातला जोर. कागदावरचा नियंत्रक म्हणेल तेवढी शक्ती मोटर देईलच असं नाही. सप्टेंबर २००३ मध्ये सेगवे कंपनीला तोवर विकलेल्या सुमारे ६,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दोष असा, की बॅटरी उतरलेली असताना चालकाने एकदम वेग वाढवला किंवा गाडी अडथळ्याला धडकली, तर तोल सावरायला लागणारी शक्ती पुरत नसे आणि माणूस पडे. गणित बरोबर, सेन्सर बरोबर, पण सावरायला हात अपुरा.

याहून मोठं उदाहरण आपल्याच देशाचं आहे. उड्डाण करणारा अग्निबाण म्हणजे बुडाशी आधार असलेली उभी काठीच. त्याचा तोलही क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण झालं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतलं ऑक्सिडायझर गळून गेलं, दिशा सावरायला काही उरलं नाही, आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. १८ जुलै १९८० रोजी तोच प्रयोग यशस्वी झाला आणि रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते आपले डॉ. वसंत गोवारीकर. सेगवेची उतरलेली बॅटरी आणि एसएलव्हीचं गळलेलं रसायन यांत घटना म्हणून जमीन-अस्मानाचा फरक आहे. अभियंत्याने वहीत लिहून ठेवायची ओळ मात्र एकच : सावरण्याची ताकद शेवटपर्यंत शिल्लक आहे का?

गरीब यंत्रातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. बाजारात पिवळ्या प्लॅस्टिकची बीओ मोटर मिळते. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी. तिच्या गिअरमध्ये प्ले असतो. दिशा बदलली की दाते एकमेकांना भिडेपर्यंत चाक हलतच नाही. शिवाय थोडीशी वीज दिली तर ती दादच देत नाही. म्हणजे सरळ उभ्याच्या अगदी जवळ, जिथे सगळ्यांत नाजूक काम असतं, तिथेच हात बधिर. पैसे थोडेच असतील तर ते महाग सेन्सरवर उधळू नयेत, बऱ्या मोटरीवर घालावेत.

आता पवईच्या स्पर्धेकडे.

आयआयटी मुंबईत प्रा. कवी आर्य यांच्या नेतृत्वाखाली ‘ई-यंत्र’ हा उपक्रम चालतो, केंद्र सरकारच्या मदतीने. २०१२ पासून तो देशभरातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी यंत्रमानवांची स्पर्धा घेतो. २०१९-२० च्या स्पर्धेत ‘बायपेड पॅट्रोल’ नावाचा एक विषय होता : दोन चाकांवर तोल सांभाळणारा यंत्रमानव. त्या स्पर्धेची वाखाणण्यासारखी गोष्ट तिची क्रमवारी. मुलांच्या हाती आधी मोटर दिली नाही, आधी गणित दिलं. ऑक्टेव्ह या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साधा लंबक, मग स्प्रिंगला जोडलेलं वजन, मग कप्पी, आणि मग गाडीवर उभा केलेला उलटा लंबक, असं एकेकाचं समीकरण मांडायचं आणि त्याला स्थिर करायचं. त्यानंतर सेन्सरच्या आकड्यांची गाळणी. प्रत्यक्ष यंत्र त्यापुढे. कुणी म्हणेल, हे रटाळ आहे. पोरांना यंत्र हलताना बघायचं असतं. बरोबर आहे. पण ज्याने समीकरण आधी मांडलं त्याला यंत्र पडल्यावर का पडलं हे विचारायला जागा असते. ज्याने मांडलं नाही त्याला फक्त नशीब असतं.

त्याच संस्थेत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ उभं केलं. सायलॅबसारखं मोफत गणिती सॉफ्टवेअर कसं वापरायचं याचे छोटे धडे तिथे मराठी आवाजातही मिळतात. इंग्रजीच्या भीतीने कंट्रोल सिस्टिमचा पेपर सोडणाऱ्या मुलांनी ते जरूर ऐकावेत. स्वतः मौद्गल्य डिजिटल कंट्रोलचे अध्यापक. त्या विषयावर त्यांचं पाठ्यपुस्तक आहे.

आणि खाली, शाळेच्या पातळीवर, २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. सामान येतं. खोकी उघडली जातात. पाहुणे आले की रेषेवरून चालणारी चार चाकांची गाडी फिरवून दाखवली जाते. त्यात वाईट काही नाही, पण ती गाडी मुलांना अडवत नाही, आणि जे अडवत नाही ते फारसं शिकवतही नाही. त्याच कपाटातल्या सामानात दोन चाकांचं यंत्र होतं. आर्डुइनो असतो, मोटरी असतात, नसलीच तर ती सेन्सर चिप काहीशे रुपयांत येते. लागतं ते दुसरंच : पडलेल्या यंत्राला पुन्हा उभं करून ‘का पडलं’ हे शांतपणे विचारणारे एक सर किंवा एक बाई. गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही, ही अडचण खरी आहे.

सुरुवात कुठून करायची? प्रोग्रामपासून नको. एक प्रयोग सांगतो, त्याला वीज लागत नाही.

यंत्राचा सांगाडा बॅटरीसकट जुळवा. चाकं काढून ठेवा. आता सांगाडा उलटा करा आणि त्याचा आस दोन खिळ्यांवर टेकवा, म्हणजे डोकं खाली लोंबकळेल. हलका धक्का द्या. ते घड्याळाच्या लंबकासारखं झुलेल. वीस झोके मोजा (जाऊन परत आलं की एक झोका) आणि किती सेकंद लागले ते बघा. समजा १४ सेकंद लागले. एका झोक्याला ०.७ सेकंद. त्याला २π ने, म्हणजे ६.२८ ने भागा. उत्तर आलं ०.११ सेकंद. उलटं लोंबकळताना यंत्र ज्या तालात झुलतं, त्याच तालाचा हिशेब सुलटं उभं असताना पडण्याला लागू होतो. तुमच्या यंत्राचा, दुसऱ्या कुणाच्या नव्हे, पडण्याचा कालमापक हा आला. चाकांवर ठेवल्यावर खालचा भागही सरकतो म्हणून पडणं याहून थोडं लवकर होतं; तेवढं मनात धरा.

मग कागदाच्या दुसऱ्या बाजूला उशिरांची यादी करा. सेन्सरच्या गाळणीचे पाच मिलिसेकंद. प्रोग्रामच्या एका फेरीचे पाच. मोटरीला जोर धरायला लागणारा वेळ, गिअरचे दाते भिडायला लागणारा वेळ. हे दोन मोबाईलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने मोजता येतात. सगळ्यांची बेरीज ०.११ सेकंदांच्या शेजारी मांडा. बेरीज वीस-पंचवीस मिलिसेकंदांत राहिली तर यंत्र उभं राहायला वाव आहे. ऐंशीच्या घरात गेली तर आकडे कितीही बदलले तरी ते सावरणं फार कठीण. मग बॅटरी वर न्यायची, की गाळणी मोकळी करायची, की मोटर बदलायची, हे त्या कागदावरच दिसतं, चंद्रपूरला सामान आणायला जाणारी बस पकडण्याच्या आधी.